अर्क कुणाच्या मालकीचा?

मराठीच्या विज्ञान-परिभाषेत मुसलमानांना जागा नाही, असे कोणी आमच्या तोंडावर म्हणत नाही. म्हणायची गरजही पडत नाही. शब्दांच्या याद्या ते काम परस्पर उरकतात. पाणी तापवावे, वाफ नळीतून नेऊन थंड करावी आणि पडणारे थेंब दुसऱ्या भांड्यात धरावेत, या कृतीला शाळेचे पुस्तक 'ऊर्ध्वपातन' म्हणते. पाणी तापते तो चंबू, वाफ थंड होते तो संघनक, थेंब जमतात ते ग्राहकपात्र. ठीक. पण हेच काम या देशात अत्तरवाल्यांनी आणि हकिमांनी शेकडो वर्षे केले, आणि त्यांच्याकडे प्रत्येक भांड्याला नाव होते. तापते ती देग, वाफ नेतो तो बांबूचा चोंगा, थेंब धरतो तो भपका, आणि निघतो तो अर्क. पुस्तकातल्या आकृतीखाली यांपैकी एकही नाव आम्हाला आजवर दिसलेले नाही.

का, हा आमचा पहिला सवाल. दुसरा सवाल आमच्याच माणसांना आहे आणि तो जास्त कडू आहे. आधी पहिला.

त्याचे ठरलेले उत्तर आम्हाला पाठ आहे: हे शब्द परके. परके म्हणजे किती परके? फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे फुलाचे पाणी, देगेतून उतरलेले. आपल्याकडे पाण्याचे हे नाव फुलालाच चिकटले, आणि पाण्याला नाव उरले नाही म्हणून आपण 'गुलाबपाणी' म्हणू लागलो. शब्दशः पाहिले तर फुलपाणी-पाणी. देवाला गुलाब वाहणारा माणूस रोज सकाळी, स्वतःच्या नकळत, एका ऊर्ध्वपातनाचे नाव घेत असतो. भपका परका असेल तर त्या फुलालाही नवे नाव शोधावे लागेल.

अर्काचे तसेच. अरबीत 'अरक' म्हणजे घाम. भात शिजताना झाकणाला आतून जो घाम सुटतो तोच. ज्याने हे नाव ठेवले त्याने भांड्याकडे नीट पाहिले होते. हा शब्द मराठीत आला आणि घरचा झाला. संस्कृतात आधीपासून एक 'अर्क' होताच, त्याचा अर्थ सूर्य किंवा रुईचे झाड. आलेला पाहुणा यजमानाचेच कपडे घालून बसला, त्यामुळे कुणाला ओळखूच आला नाही. आयुर्वेदाची औषधालये ओव्याचा अर्क, बडीशेपेचा अर्क करतात. युनानी दवाखान्यात त्यालाच अर्क-ए-बादियान म्हणतात. व्यंगचित्रकार माणसाचा चेहरा आटवून जे काढतो त्याला मराठीने 'अर्कचित्र' म्हटले, आणि गावातल्या एखाद्या बेरकी माणसाला लोक 'अर्क आहे नुसता' असे म्हणतातच. एवढा रुळलेला शब्द रसायनशास्त्राच्या तासाला मात्र दाराबाहेर उभा.

नवसागराची गोष्ट याहून मजेची आहे. फारसीत नौशादर, संस्कृत रसग्रंथांत नवसार, मराठीत नवसागर. कोणी कोणाकडून घेतला यावर पंडितांनी खुशाल भांडावे. कलई हा शब्द मात्र अरबी, कथलाचा. बाजाराच्या दिवशी कलईवाला, बहुधा आपल्यातलाच, तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकतो आणि पांढरा धूर उठतो. घन पदार्थ द्रव न होता वायूरूप होतो, त्या 'संप्लवना'चे उदाहरण म्हणून आमच्या पिढीच्या पुस्तकांनी नवसागरच दिला. तो पुस्तकात कसा शिरला? कापसाच्या बोळ्याने कथील फिरवणाऱ्या हातांनी तो इतका वापरला की तो काढून टाकायचे कोणाला सुचले नाही. शिवाय त्याचा चेहरा संस्कृत दिसतो, हेही पथ्यावर पडले असावे.

शब्द हाकलण्याची हौस जुनी आहे. राजव्यवहारकोशाशी आमचे भांडण नाही. नवे राज्य उभे राहत होते, त्याला स्वतःची कारभाराची भाषा हवी होती. पण विसाव्या शतकात माधव जूलियन यांनी काय करावे? फारसीचे प्राध्यापक, १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध करणारे, गझल मराठीत आणणारे; आणि १९३८ साली 'भाषाशुद्धिविवेक' लिहून त्याच शब्दांची हकालपट्टी मागणारे. ज्याने दार उघडले त्यानेच पुढे पहारा बसवला. फाळणीच्या सुमारास डॉ. रघुवीर लाहोरहून नागपूरला आले. तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या राजधानीत बसून त्यांनी विज्ञानाच्या प्रत्येक वस्तूला संस्कृत धातूंतून नाव पाडण्याचा कारखाना घातला. आमचे वाशीम तेव्हा त्याच प्रांतात होते. म्हणजे आमच्या मुलांच्या तोंडी कोणते शब्द जायचे हे जिथे ठरत होते ते नागपूर काही फार लांब नव्हते; पण त्या टेबलाभोवती कन्नौजचा अत्तरवाला नव्हता, हकीम नव्हता, कलईवाला नव्हता. पुढे १९६० साली राज्याचे भाषा संचालनालय झाले, १९६१ साली केंद्राचा शब्दावली आयोग झाला. रघुवीरांची टोकाची भूमिका सौम्य झाली, हायड्रोजनसारखे आंतरराष्ट्रीय शब्द तसेच राहू दिले गेले. पण 'परके' म्हणजे काय याची व्याख्या तीच राहिली: इंग्रजी चालेल, अरबी-फारसी नको.

आमचे भांडण संस्कृतशी आहे असे कोणी समजू नये. 'चंचुपात्र' आम्हाला आवडते. ज्याने तो शब्द केला त्याला बीकरमध्ये इंग्रजी 'बीक' म्हणजे चोच ऐकू आली असावी. बीकर प्रत्यक्षात पेल्याला असलेल्या जुन्या शब्दापासून आला, चोचीशी त्याचा संबंध नाही. पण भांड्याला ओतायची चोच आहे, म्हणून शब्द शोभतो. रिटॉर्टला 'बकपात्र' म्हणतात तेही झकास. मान वाकवलेला बगळा डोळ्यांपुढे उभा राहतो. युरोपातल्या किमयागारांनीही एका भांड्याला पेलिकन म्हटले होते. आणि सर्वांत उत्तम शब्द 'चंबू', कारण तो कोणी घडवलाच नाही. घराघरात होता, तो उचलून प्रयोगशाळेत ठेवला. चंबूला जो न्याय मिळाला तोच भपक्याला का नाही, एवढेच आम्ही विचारतो.

आणि ज्या संस्कृतच्या नावाने हे सगळे झाले, त्या संस्कृतला तरी न्याय मिळाला का? 'रसरत्नसमुच्चया'सारख्या रसग्रंथांत पाऱ्याच्या पातनाचे तीन प्रकार आहेत. ऊर्ध्वपातनात खालचे मडके तापते आणि पारा वर चढून वरच्या मडक्याच्या आतल्या अंगाला चिकटतो. अधःपातनात विस्तव वर असतो आणि पारा खालच्या पाण्यात उतरतो. तिर्यक्पातनात एका मडक्यातून तिरकी नळी निघते आणि थंड पाण्यातल्या दुसऱ्या मडक्यात जाते. आता शाळेच्या भिंतीवरचा तक्ता पाहा. चंबू, त्याला तिरका लावलेला संघनक, पलीकडे ग्राहकपात्र. हे तिर्यक्पातन आहे. मराठीने त्याला ऊर्ध्वपातन म्हटले. हिंदीने 'ऊर्ध्वपातन' हा शब्द संप्लवनाला दिला आणि या कृतीला 'आसवन' म्हटले. आयुर्वेदातले आसव तर आंबवून करतात, वाफ धरून नव्हे. परिणाम असा की बऱ्हाणपूर-बैतूलच्या हिंदी शाळेतले मूल आणि आमच्या वऱ्हाडातले मूल समोरासमोर बसले, तर 'ऊर्ध्वपातन' हा एकच शब्द उच्चारून दोघे दोन वेगळ्या गोष्टी बोलतील. दोघांच्या मास्तरांना आपलेच शुद्ध वाटेल. जुन्या रसवैद्यांनी दिशा पाहून नावे ठेवली होती. नव्या समित्यांनी कोश पाहून ठेवली.

अरबांनी काय पाहिले? थेंब पाहिला. उर्दूत या कृतीला 'तकतीर' म्हणतात, ते कतऱ्यावरून. डिस्टिलेशनच्या लॅटिन मुळातही थेंबच आहे. नवव्या-दहाव्या शतकातल्या अल-राझीने 'किताब अल-असरार'मध्ये आपल्या प्रयोगशाळेतली भांडी सांगितली आहेत. खालचे भांडे 'करअ' म्हणजे भोपळा. त्यावर बसते ते चोचीचे टोपण 'अंबीक'. थेंब धरणारे भांडे 'काबिला'. अरबीत काबिला सुईणीलाही म्हणतात. येणाऱ्याला हातात घेणारी ती. चोच नसलेल्या टोपणाला तो 'आंधळा अंबीक' म्हणतो. आणि संप्लवनासाठी त्याच्याकडे 'उसाल' हे वेगळेच भांडे आहे. म्हणजे त्याच्याकडेही दोन क्रियांची दोन भांडी आणि दोन नावे होती. ही नावे लॅटिनमध्ये गेली, अलेंबिक झाली. भोपळ्याचे लॅटिन भाषांतर होऊन तो कुकर्बिट झाला. आपल्या हकिमांकडे करअ आणि अंबीक जोडून 'करंबीक' झाले.

इथवर वाचून आमचे काही वाचक खूश झाले असतील. त्यांच्यासाठीच आता दुसरा सवाल.

अंबीक हा शब्द अरबांनी ग्रीकांकडून घेतला. ग्रीक 'अंबिक्स'ला त्यांनी 'अल' लावला आणि वापरायला सुरुवात केली. आपल्या भाषेत परका शब्द शिरला म्हणून बगदादमध्ये कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. हे आमचे वक्ते सांगत नाहीत. शैक्षणिक परिषद असो, सीरतचा जलसा असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो. 'रसायनशास्त्राचे जनक जाबिर बिन हय्यान' हे वाक्य ठरलेले. त्याला जोडून 'नत्राम्ल जाबिरने शोधले' हे दुसरे. हे दुसरे वाक्य ज्या लॅटिन पुस्तकांवर उभे आहे ती 'गेबर' या नावाने तेराव्या शतकाच्या सुमारास युरोपात लिहिली गेली. आठव्या शतकातल्या जाबिरशी त्यांचा नावापुरता संबंध. तसेच गुलाबाचे अत्तर नूरजहाँने शोधले असे आम्ही ठासून सांगतो. खुद्द जहांगीर आपल्या आठवणींत ते श्रेय तिच्या आईला देतो. अल-किंदीने अत्तरांच्या रसायनावर शंभराहून अधिक कृतींचे पुस्तक लिहिले, ते खरे आहे, तपासता येते. त्यातली एक कृती शाळेत मुलांसमोर करून दाखवा म्हटले, की सभा संपलेली असते आणि मंडप उतरत असतो. मराठीत भपका या शब्दाचा दुसरा अर्थ डामडौल. आम्ही मूळचे भांडे टाकले आणि दुसरा अर्थ तेवढा जपला.

मंगरुळपीर तालुक्यातले आसेगाव घ्या. आम्ही त्याच मुलखाचे, म्हणून ते घेतो. हीच गत जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाची. १९९८ साली अकोल्यातून वाशीम वेगळा झाला, २०१८ साली केंद्राच्या 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत आला. तालुक्याच्या नावातच पीर आहे. तो शब्द परका म्हणून कोणी मंगरूळवरून उतरवला नाही, आणि अठरापगड जातींचे लोक ते नाव बिनदिक्कत घेतात. अशा गावातले उर्दू शाळेतले मूल दहावीपर्यंत 'तकतीर' आणि 'कशीद' शिकते. त्याच्या शेजारचे मूल मराठी शाळेत 'ऊर्ध्वपातन' शिकते. अकरावीला दोघे तालुक्याला जातात आणि तिथे 'डिस्टिलेशन' ऐकून सारखेच गांगरतात. त्यात आमच्या मुलाचे गांगरणे दुप्पट, कारण त्याला वर्गातल्या मित्राची वहीही वाचून समजत नाही. मुली तर अनेकदा या वळणावरच विज्ञान सोडतात, आणि घरचे म्हणतात, तिला झेपले नाही. काय झेपले नाही? वाफेचे पाणी होणे? तिने चुलीपाशी ते हजार वेळा पाहिलेले असते. झेपले नाहीत ते तीन भाषांतले तीन शब्द, ज्यांची ओळख तिला कोणी एका जागी करून दिली नाही.

उर्दू शब्द टिकवणे म्हणजे दीन टिकवणे, असे मानणारे आमच्यात आहेत. त्यांना आम्ही विचारतो: तकतीर म्हटल्याने सवाब मिळतो आणि ऊर्ध्वपातन म्हटल्याने गुनाह होतो का? उस्मानिया विद्यापीठाच्या दारुल-तर्जुम्याने हैदराबादेत उर्दूत विज्ञान आणण्याचे फार मोठे काम केले, त्याला सलाम. पण आसेगावचे मूल ज्या बाजारात भाजी विकणार, ज्या तहसीलमध्ये अर्ज करणार, ज्या दवाखान्यात कंपाउंडर होणार, तिथली भाषा मराठी आहे आणि ती आमचीही मायबोली आहे. तिच्या परिभाषेवर हक्क सांगायचा तर ती आधी शिकावी लागेल. बाहेर उभे राहून यादी वाईट आहे म्हणणे सोपे.

आता कपाटाकडे वळू. आमच्या भागातल्या एका शाळेत आम्ही काचेचे सामान पाहिले. चंबू होते, लिबिगचा संघनक होता, एक विलगकारी नरसाळेही होते. सगळे कपाटात, कपाटाला कुलूप, आणि संघनकाभोवती अजून कारखान्यातला कागद. कारण विचारले तर गुरुजी म्हणाले, "डेड स्टॉक रजिस्टरला नोंद आहे. फुटले तर उत्तर कोण देणार?" आम्ही त्या गुरुजींना दोष देत नाही. ज्या व्यवस्थेत काच फुटणे हा गुन्हा आणि प्रयोग न होणे हा गुन्हा नाही, तिथे शहाणा माणूस कुलूपच लावील. बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढीच प्रसरण पावते, म्हणून ती विस्तवावर सहजी तडकत नाही. ती आपल्याकडे बोरोसिलच्या नावाने बनते. म्हणजे ही काच आगीपुढे टिकते, रजिस्टरपुढे टिकत नाही.

दुसरी अडचण कोणी बोलत नाही, पण खरी तीच आहे. लिबिगचा संघनक (तो लिबिगने शोधला नाही, रूढ केला, तशी नळी वायगेल नावाच्या जर्मनाने १७७१ सालीच वर्णिली होती) वाहते पाणी मागतो. खालच्या तोंडाने पाणी आत, वरच्या तोंडाने बाहेर, प्रयोग चालू असेपर्यंत. ही नळी नळाच्या गावात जन्मली. आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी रांग लागते; तासभर पाणी मोरीत सोडणारा प्रयोग कोण करील, आणि का करावा? भपका वाहते पाणी मागत नाही. तो हौदात बसतो. वाफ चोंग्यातून येते, भपक्याच्या थंड अंगाला लागून आतच पाणी होते, हौद गरम झाला की पाणी बदलतात. कन्नौजचा कारागीर भपक्याला हात लावून सांगतो की आत किती भरले आणि विस्तव कमी करायचा की नाही. आसेगावच्या शाळेला शोभणारे उपकरण हे आहे. पुस्तकाने ते वगळले तेव्हा नुसता शब्द गेला नाही, टंचाईच्या गावात चालणारी रीतही गेली. परिभाषेचे भांडण आम्ही मानापमानासाठी करत नाही, ते यासाठी.

अजून एक शब्द, आणि तो लिहिताना आम्हाला वाचकांच्या कपाळावरची आठी दिसते. मिश्रणातले वेगवेगळे भाग वेगवेगळ्या तापमानाला वेगळे काढण्याला विश्वकोश 'भागशः ऊर्ध्वपातन' म्हणतो. आधी उतरतो तो भाग हलका, लवकर उकळणारा. मराठी माणूस त्याला काय म्हणतो? 'पहिल्या धारेची'. हातभट्टी कायद्याने गुन्हा आहे आणि आमच्या धर्मात दारू हराम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण शब्द काही प्यायलेला नसतो. आज त्याच अर्थाने लोक पहिल्या धारेचा विनोद म्हणतात, पहिल्या धारेचा लबाड म्हणतात. ज्या भाषेत पहिल्या भागाला इतके चपखल नाव आहे, तिला ही कल्पना अवघड जाते असे म्हणणारा मास्तर भाषेला नव्हे, स्वतःच्या आळसाला झाकतो.

तर मागणी अशी. पुस्तकातल्या आकृतीखाली संघनक असू द्या, पण शेजारी भपका लिहा. ऊर्ध्वपातन रुळला आहे, तो आता बदलू नका. पण धडा 'अर्क काढणे' या दोन शब्दांनी सुरू करा आणि तिर्यक्पातन, तकतीर, डिस्टिलेशन ही तिन्ही नावे एका ओळीत द्या, म्हणजे अकरावीत कोणी गांगरणार नाही. हिंदीतले ऊर्ध्वपातन वेगळे आहे हेही सांगा. कारागिराचा शब्द परका ठरवण्याआधी त्याला एकदा समितीत बसवा. आणि आमच्या संस्थाचालकांनी पुढच्या जलशाच्या मंडपाचे भाडे एक वर्ष वाचवून काच घ्यावी, आणि ती फुटणार हे धरून घ्यावी.

तोवर गुरुजींनी कपाटाच्या किल्लीची वाट पाहू नये. चहाची लांब तोटीची किटली घ्यावी, निम्मीच भरावी, त्यात मीठ आणि थोडी शाई टाकावी. झाकण कणकेने लिंपावे. तोटीला रबरी नळी लावून तिचे दुसरे टोक स्टीलच्या तांब्यात सोडावे आणि तांब्या पाण्याच्या बादलीत बसवावा. तांब्याचे तोंड मात्र बंद करू नये. वाफेला बाहेर जायची वाट हवी, नाहीतर झाकण उडेल. विस्तव मंद ठेवावा. तांब्यात स्वच्छ, बिनमिठाचे पाणी जमू लागले की ते मुलांना दाखवावे आणि विचारावे, याला तुमच्या घरी काय म्हणतात. येतील तेवढी सगळी नावे फळ्यावर लिहावीत. बादलीतले पाणी कोमट झाले की बदलावे. ते झाडांना चालते.